पंच गोठ्यात कशाला हवा?

पत्र असं आलंय:

«काका, मी सेलू तालुक्यातल्या एका गावची. परभणीला बीसीए केलं. मी आणि माझा मावसभाऊ मिळून शंकरपटाचा मोबाईल गेम करतोय. जोडी निवडायची, छकडा हाकायचा, कमीत कमी सेकंदांत रेघ पार करायची. कोड माझा, पैसा त्याचा, म्हणजे मागच्या सोयाबीनमधले ऐंशी हजार. चाचणीसाठी गावातल्या चाळीस पोरांना गेम दिला. आठव्या दिवशी एकाची जोडी चार सेकंदांत पार! दुसऱ्याच्या खात्यात नऊ लाख नाणी. भाऊ म्हणतो, गेम कायम ऑनलाइन कर, नेट नसेल तर उघडूच देऊ नको. आमच्या गावात रेंज मिळते ती पाराजवळ आणि पाण्याच्या टाकीपाशी, शेतात एखादीच काडी. मी म्हणते, अशानं आपलीच पोरं खेळायची नाहीत. तो म्हणतो, मग चोरांना रान मोकळं सोड. दिवाळीपासून आम्ही धड बोललेलो नाही. दोघांत बरोबर कोण?»

पोरी, तुला अगंतुगं करतो, राग मानू नकोस. बरोबर तू आहेस, पण तुझं कारण अपुरं आहे. रेंज नाही म्हणून कायम ऑनलाइन नको, असं तुझं म्हणणं. उद्या गावात टॉवर उभा राहिला की हा मुद्दा संपला, आणि भाऊ जिंकला. खरी अडचण दुसरीच आहे. कायम ऑनलाइन केल्यानं तुझा चोर थांबणारच नाही.

तू लिहिलं नाहीस, पण अंदाजानं सांगतो. तुझ्या गेममध्ये सेकंद फोन मोजतो, आणि शर्यत संपली की आकडा सर्व्हरकडे, म्हणजे तुमच्या मधल्या कॉम्प्युटरकडे, पाठवतो. बरोबर? म्हणजे पळणाऱ्यानंच घड्याळ हातात धरायचं, वेळही त्यानंच सांगायची, आणि पंचानं ती मुकाट्यानं वहीत लिहायची. त्या पोरानं फोनला «चार» सांगायला लावलं. नेट चोवीस तास चालू असतं तरी त्यानं चारच सांगितलं असतं, उलट लवकर पोचलं असतं. नऊ लाख नाण्यांचंही तेच. नाण्यांचा आकडा फोनमधल्या एखाद्या फाइलीत पडलेला असणार, आणि फाइल उघडून खाडाखोड करायला पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. नांदेडला वजिराबादेत माझं सायबर कॅफे होतं, बारा कॉम्प्युटरचं. संध्याकाळी पोरं काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायला यायची. सगळी यंत्रं आपसात केबलनं जोडलेली, बाहेरचं नेट गेलं तरी खेळ चालूच. एके दिवशी कोपऱ्यातून ओरड आली, «काका, ह्याला भिंतीपल्याडचं दिसायलंय!» मी जाऊन मागं उभा राहिलो. खरंच दिसत होतं. पोरानं पेनड्राइव्हवरून काहीतरी आणून टाकलं होतं आणि भिंती काचेच्या करून टाकल्या होत्या. त्याला महिनाभर बंदी घातली, पण डोक्यात किडा राहिला: ह्याच्या कॉम्प्युटरला पलीकडचा गडी दिसला कसा? उत्तर साधं होतं. त्याच्या कॉम्प्युटरला ते आधीपासूनच माहीत होतं. कोण कुठं उभा आहे हे सगळ्यांचं सगळ्यांना सांगितलेलं, पडद्यावर फक्त झाकून ठेवलेलं. त्या पोरानं झाकण काढलं, एवढंच.

जे खेळणाऱ्याच्या यंत्रात आहे ते खेळणाऱ्याच्या ताब्यात आहे, असं धरूनच कोड लिहायचा. व्हॅलोरंट या तसल्याच गोळीबाराच्या गेमवाल्यांनी भिंतीपलीकडचं बघण्यावर काढलेला एक उतारा याच समजुतीतला आहे: लपलेला शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याचा ठावठिकाणा तुमच्या यंत्राला पाठवतच नाही. जे आलंच नाही ते चोरणार कसं? नेट चालू असणं ही इथं फक्त सोय आहे. राखण होते ती कुठली माहिती कुणाकडे ठेवायची या निर्णयानं.

आता भावाच्या बाजूनंही बोलतो, कारण तो येडा नाही. डायब्लो २ नावाचा गेम २००० साली आला, त्यात दोन दालनं होती. एकात तुमचा गडी, म्हणजे खेळातलं पात्र, तुमच्याच हार्डडिस्कवर. तिथं इतकी खाडाखोड व्हायची की कुणाची तलवार खरी हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. दुसऱ्या दालनात गडी कंपनीच्या सर्व्हरवर. तिथं वस्तूंच्या नकला करणारे निघालेच, पण खेळाला काही अर्थ राहिला. म्हणजे सर्व्हरकडे वही ठेवण्यात तथ्य आहे, हे भावाचं म्हणणं खरं.

पण मे २०१२ मध्ये डायब्लो ३ आला आणि कंपनीनं एकट्यानं खेळायचं दालनच काढून टाकलं. एकटे खेळा नाहीतर चौघं, सर्व्हरशी जोडलेलं असलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी सर्व्हर तुंबले आणि पैसे मोजून बसलेल्या लोकांना गेमऐवजी «एरर ३७» वाचायला मिळाली. त्या गेममध्ये खऱ्या पैशांनी वस्तू विकायचा बाजारही होता. बाजार म्हटला की खोटी नाणी परवडत नाहीत, म्हणून सगळा माल सर्व्हरच्या कुलपात, हे गणित समजण्यासारखं आहे. तो बाजार मार्च २०१४ मध्ये बंद झाला. कॉम्प्युटरवरची सक्ती मात्र राहिली.

सिमसिटी या शहर वसवायच्या गेमचं तर हसू येतं. मार्च २०१३ मध्ये आला, नेटशिवाय चालेना. बरंचसं गणित आमच्या सर्व्हरवर होतं, असं कंपनी सांगत होती. वर्षभरानं, मार्च २०१४ मध्ये, त्याच कंपनीनं नेटशिवाय खेळायची सोय देऊन टाकली. गणित घरच्या कॉम्प्युटरला झेपत होतं म्हणायचं! आणि जीटीए ऑनलाइन बघ. नावातच ऑनलाइन, नेटशिवाय चालतच नाही. तरी कॉम्प्युटरवर तिथं पैशांचा पाऊस पाडणारे कायम होते, कारण खेळाडूंची यंत्रं परस्परांशी बोलतात आणि एकमेकांवर बराच विश्वास टाकतात. भावाला नेमका हाच दाखला दे.

शंकरपट तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. आता चाबूक नको, शॉक नको, असे नियम आहेत. पण म्हणून पंच वर्षभर कुणाच्या गोठ्यात जाऊन बसतो का? बैल काय खातो, रात्री कुठं बांधतो, माळावर किती पळवतो, याच्याशी पंचाला घेणं नाही. तो पटावर असतो, रेघेजवळ, हातात घड्याळ घेऊन. तुझा भाऊ पंचाला गोठ्यात बसवायला निघालाय आणि घड्याळ मात्र गाडी हाकणाऱ्याकडेच ठेवतोय.

तर काय करायचं?

फोननं सेकंद पाठवायचेच नाहीत. फोननं पाठवायचं ते बोटांचं टिपण: कितव्या क्षणी कासरा ओढला, कितव्या क्षणी सैल सोडला. सर्व्हरकडे तुझाच गेम असेल, चित्रांशिवाय. तो तीच जोडी, तोच पट घेऊन, त्याच टिपणानुसार शर्यत पुन्हा पळवेल आणि सेकंद स्वतः काढेल. पोरानं चार सेकंद म्हटलं काय आणि चाळीस म्हटलं काय, ऐकणारच कोण? वीस सेकंदांच्या शर्यतीचं टिपण एखाद्या किलोबाइटात मावेल. ते पाठवायला शर्यत चालू असताना नेट लागत नाही. पोरानं दिवसभर शेतात खेळावं, संध्याकाळी पाराजवळ आल्यावर फोननं सगळी टिपणं गुपचूप पाठवून द्यावीत.

ही युक्ती माझी नाही, जुनी आहे. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स हा लढायांचा गेम २८.८ किलोबिटच्या संथ मोडेमवर आठ-आठ जण खेळत, ते कसं? शेकडो सैनिकांच्या जागा तारेवरून पाठवायच्याच नाहीत, फक्त हुकूम पाठवायचे, आणि प्रत्येक कॉम्प्युटर तीच लढाई आपल्यापुरती चालवणार. (त्यामुळे प्रत्येकाच्या यंत्रात सगळा नकाशा असायचा आणि नकाशा उघडा करणारे निघाले, ते वेगळं. माझ्या कॅफेतली भिंत तीच.) तुझ्या गेममध्ये लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे तुला ही खोड बाधणार नाही.

मात्र एक गोष्ट आजच तपास. हे सगळं तेव्हाच चालतं, जेव्हा तेच टिपण दिलं की कुठल्याही यंत्रावर तीच शर्यत घडते, केसाचाही फरक न पडता. दशांशाचे हिशोब वेगवेगळ्या फोनवर शेवटच्या घरात किंचित वेगळे येऊ शकतात, आणि वीस सेकंदांत तो किंचितपणा साचत साचत बैलभर होतो. मग प्रामाणिक पोरगा चोर ठरेल, आणि त्याच्याइतका चिडलेला गिऱ्हाईक दुसरा नाही. म्हणून वेग, अंतर, दम सगळं पूर्णांकांत ठेव, मीटरऐवजी मिलिमीटर. गेमचं गणित दर सेकंदाला ठरलेल्या साठ पावलांनीच पुढं सरकू दे, मग फोन महागडा असो की तडकलेल्या काचेचा. वाऱ्याचा, धुळीचा, बैल बुजण्याचा जो काही नशिबाचा भाग ठेवला असशील, त्याचं सीड, म्हणजे ज्यावरून सगळं नशीब ठरतं तो सुरुवातीचा आकडा, सर्व्हरनं द्यायचं. मोठ्या स्पर्धेसाठी ते आधीच एका पावतीसारखं फोनवर उतरवून ठेव, चोवीस तासांच्या मुदतीचं. पटाला नाव नोंदवल्याची पावती असते तसं. रेंज असताना पावती घेतली, मग रानात जाऊन पळवली, मुदतीत टिपण आलं तर धरायचं.

यातून एक फायदा फुकट मिळतो. टिपण हातात असलं की ती शर्यत केव्हाही पुन्हा दाखवता येते, आणि दुसऱ्याच्या जोडीला सावली करून तिच्याविरुद्ध पळता येतं. जिंतूरच्या पोराची सकाळची शर्यत आणि तुझ्या गावच्या पोराची रात्रीची, पडद्यावर शेजारी शेजारी. दोघांनाही एकाच वेळी नेट लागत नाही. मला विचारशील तर आमच्या भागात याच्याइतका उपयोगी मल्टिप्लेअर दुसरा नाही.

सगळे चोर यानं धरले जातील असं सांगून तुला फसवणार नाही. गेमच संथ करून, सावकाश अचूक बोटं चालवून, मग ते टिपण खऱ्या वेगाचं म्हणून पाठवणारे असतात. ट्रॅकमेनिया या गाड्यांच्या गेममध्ये २०२१ साली हेच उघडकीला आलं. वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेले विक्रम खोटे निघाले. पण पकडले गेले कशामुळं? टिपणांमुळंच. साठवलेल्या शर्यतींतल्या स्टिअरिंगच्या हालचाली तपासल्या, तेव्हा माणसाच्या हाताला न झेपणारी थरथर त्यात सापडली. टिपण जपून ठेवलं तर आज सुटलेला दोन वर्षांनी हाती लागतो, नुसता आकडा जपला तर कधीच लागत नाही. पहिल्या शंभरांत येणाऱ्यांची टिपणं पुसू नकोस.

नाण्यांसाठी दोन गल्ले कर. एक फोनमधला, सरावाचा. त्यात कुणी नऊ लाख काय नऊ कोटी लिहून घेतले तरी तुझं काय गेलं? स्वतःच्या बैलाला स्वतःच झूल चढवावी, मिरवावं. दुसरा गल्ला सर्व्हरवरचा, तपासलेल्या शर्यतींतूनच भरणारा, आणि क्रमवारी, स्पर्धा, बक्षीस सगळं त्याच्यावर. पहिल्यातून दुसऱ्यात पैसा जायची वाट कुठंही ठेवायची नाही. «थोडे तरी घेऊ दे ना» म्हणणारे येतील, भाऊसुद्धा त्यांत असेल. तिथं कठोर राहा. डायब्लो २ ची दोन दालनं टिकली ती मधलं दार बंद होतं म्हणून.

समोरासमोर, एकाच वेळी दोघांची शर्यत ठेवायची असेल तर मात्र नेट लागणारच. त्यात वाद नाही, तो पोहण्याला पाणी लागण्याचा प्रकार आहे. तिथं प्रश्न वेगळा येईल: मधेच रेंज गेली तर? लगेच हरवू नकोस, शर्यत फोनवर पुरी होऊ दे आणि टिपणाची वाट बघ. पण वाट कायमचीही बघू नकोस, नाहीतर हरायला लागलं की डेटा बंद करणाऱ्यांची जत्रा भरेल. एका दिवसात टिपण आलं नाही तर हार. आणि सर्व्हर निवडताना नकाशा बघून फसू नकोस. ॲमेझॉनचं क्लाउड, म्हणजे भाड्यानं मिळणारे सर्व्हर, मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे. आमच्या नांदेडाहून हैदराबाद जवळ, पण तुमचा सिग्नल एसटीच्या रस्त्यानं जात नाही, सिमकार्ड कंपनीच्या वाटेनं जातो. दोन्हीकडचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, गावातूनच मोजून बघ.

कुणी सांगेल, फोनमध्ये पहारेकरीच बसव. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो, कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून. तुला ते झेपणारं नाही आणि शोभणारंही नाही. अँड्रॉइडवर गूगलची प्ले इंटिग्रिटी आहे, ॲप अस्सल आहे की कुणी फाडून शिवलेलं, हे ती बऱ्यापैकी सांगते. स्पर्धेची पावती देताना तेवढी तपासणी पुरे, त्या वेळी पोरगा रेंजमध्ये असतोच.

आता भावाचं. एक प्रश्न त्याला शांतपणे विचार: कायम ऑनलाइन हवं ते चोरांसाठी, की जाहिरातींसाठी? ऐंशी हजार घातलेत, परत यावेत असं वाटणं गैर नाही. नेट असेल तर जाहिरात दिसते, नसेल तर नाही, हा हिशोब त्याच्या मनात असेल तर तो टेबलावर येऊ दे. मोठ्या कंपन्यांनीही कितीदा तरी नकली प्रतींची भीती नाहीतर दुकानाची सोय चोरांच्या नावावर खपवली आहे असं माझं मत आहे. कारण खरं सांगितलं की उपायही खरा सापडतो. उदाहरणार्थ, जाहिरात बघितली तर स्पर्धेची एक जादा पावती. ती पाराजवळ बसूनच घेतली जाईल, आणि शेतातल्या सरावाला कुणी हात लावणार नाही.

त्याला हेही सांग, की गेमला कायमचं सर्व्हरच्या दावणीला बांधलं तर त्या दावणीचं भाडं जन्मभर भरावं लागतं. युबीसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम. मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांचाही गेम तिथंच मेला, एकट्यानं चालवायचाही. त्यातून युरोपात केवढी मोठी मोहीम उभी राहिली. आपल्याकडे पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, तो जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या काळात पारावरच्या पोरांची तोंडं मी बघितली आहेत. तुमचे ऐंशी हजार संपले, सर्व्हरचं बिल थकलं, तरी पोरांच्या फोनवर जोडी पळत राहिली पाहिजे.

आणि फेब्रुवारी २०२४ विसरलात का? मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत जालना, बीड, संभाजीनगरात काही तास इंटरनेटच बंद होतं. त्या दिवशी भावाचा गेम कुणाच्याच फोनवर उघडला नसता, चोराच्याही नाही, हे खरं. एवढ्यापुरता तो जिंकला असता.

त्या चार सेकंदांवाल्या पोराला हाकलू नकोस. आठ दिवसांत त्यानं जे शोधलं ते शोधायला शहरातल्या कंपन्या माणसं पगारावर ठेवतात. त्याला घरी बोलाव, चहा पाज, कसं केलं ते विचार, आणि नवीन आवृत्ती आधी त्याच्याच हातात दे. म्हणावं, आता फोड.

भावाशी बोलणं सुरू करायला एवढं पत्र त्याच्यापुढं वाचून दाखवू नकोस, तो चिडेल. टिपणाचं काम आधी कच्चंपक्कं करून घे. मग त्याचा फोन फ्लाइट मोडवर टाक, एक शर्यत खेळायला दे, फ्लाइट मोड काढ, आणि सर्व्हरनं काढलेले सेकंद त्याच्या पडद्यावरच्या सेकंदांशी ताडून दाखव. नंतर त्यालाच सांग, आता खोटे सेकंद घुसवून बघ. जुळले की मलाही गेम पाठव. माझा फोन २०१८ चा आहे, दशांशाचा घोळ कुठं राहिला असेल तर आधी त्यावर दिसेल.